झोपाळ्यावरची अन्नपूर्णा

दिवाळीच्या आधी देव चिंचेने घासायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आलं आहे. समई, निरांजन, घंटा सगळं उजळून झालं की शेवटी हातात येते ती अन्नपूर्णा. बोटाच्या दोन पेरांएवढी. मांडी घालून बसलेली, दोन्ही हातांत आडवी धरलेली पळी. इतकी वर्षं घासून तिचं नाक जवळजवळ गेलं आहे, डोळे आहेत असं समजायचं. पळी मात्र शाबूत आहे.

ही आईची अन्नपूर्णा. मराठी लग्नात मंगलाष्टकांच्या आधी नवरी गौरीहरापाशी बसते, पुढ्यातल्या अन्नपूर्णेवर अक्षता वाहत राहते आणि सासरी निघताना तीच मूर्ती बरोबर घेऊन जाते. पुष्कळ घरांत जोडीला बाळकृष्णही देतात. आईची कोकणातून साताऱ्याला पाठवणी झाली तेव्हा ट्रंक, भांडी, पितळी डबा असं बरंच काही आलं. त्यातलं आज शिल्लक आहे ते एवढंच. आमच्या देवघरात बाकीचे सगळे देव सासरचे, ही एकटी माहेरची. वर्षभर ती एका वाटीत, तांदळावर बसलेली असते. अकरा महिने तांदूळ आणि पळी. बाराव्या महिन्यात तिला झोपाळा मिळतो.

तो महिना चैत्रगौरीचा. दिवाळी अंकात चैत्राचं काय काढलंत असं कुणी म्हणेल, पण करंज्या आणि लाडू आमच्या घरी वर्षातून दोनदा व्हायचे. एकदा आता, आणि एकदा गौरीच्या आराशीत मांडायला.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते आणि वैशाख शुद्ध तृतीयेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला उठते. पार्वती महिनाभर माहेरपणाला आली, अशी त्यामागची समजूत. म्हणून तिला छोट्या पितळी किंवा लाकडी झोपाळ्यात बसवायचं, मोगऱ्याचे गजरे घालायचे, गारगार खायला द्यायचं आणि महिन्यातल्या एखाद्या सोयीच्या दिवशी, शक्यतो मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. दक्षिणेला कर्नाटकातही चैत्रगौर आहे. राजस्थानात तिची गणगौर होते. तिथे धुळवडीपासून पूजा सुरू होते आणि याच चैत्र तृतीयेला ईसर, म्हणजे शंकर, तिला न्यायला येतो. तिकडे वाजतगाजत तिची पाठवणी चाललेली असते त्याच दिवशी इकडे आपण तिला झोपाळ्यावर बसवत असतो. ती नक्की सासरी गेली का माहेरी आली, हे शंकराने पंचांगवाल्यांना विचारावं.

आपल्याकडे वसंत ऋतू कागदावर चैत्र-वैशाख असला तरी त्याचं आगमन काही एका ठरावीक दिवशी होत नाही. वसंत पंचमी येते माघात, तेव्हा साताऱ्यात पहाटे अजून शाल लागायची. मग पानं गाळून बसलेल्या झाडांवर काटेसावर, पांगारा, पळस असे सगळे लाल-केशरी पेटतात. पाडव्यापर्यंत पळसाचा भर ओसरलेला असतो, कडुनिंब मोहरलेला असतो आणि पिंपळाला तांबूस, हाताला रेशमी लागणारी पालवी असते. म्हणजे वसंत आणि उन्हाळा आपल्याकडे एकाच घरात राहतात, आणि पंखा उन्हाळ्याच्या ताब्यात असतो.

आणि कोकिळा. गाणारा तो नर असतो, काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर ठिपक्यांची, आणि ती असं गात नाही. तिचं काम वेगळं. ती कावळ्याच्या घरट्यात अंडं घालून निघून जाते आणि पुढचं भरवणं-वाढवणं कावळीण करते. वसंतावर आजवर जेवढ्या कविता झाल्या त्यांत त्या कावळिणीला एक ओळ मिळाली असेल तर मला दाखवा. परसातल्या नारळावर असं एक घरटं होतं. दुसऱ्याचं पिल्लू तिच्यापेक्षा मोठ्या तोंडाने ओरडत असायचं. आई खरकटा भात भिंतीवर ठेवून म्हणायची, "घे बाई, तुला काय कमी व्याप आहेत!"

आईचा स्वतःचा व्याप पाडव्यालाच सुरू व्हायचा. राजापूरहून मामा एस.टी.त करंडी चढवून द्यायचे आणि मी स्टँडवर जाऊन कंडक्टरकडून ती उतरवून घ्यायचो. वर पेंढा, आत कैऱ्या, आणि कैऱ्यांच्या मध्ये हमखास एक पुरचुंडी कोकमांची. घरी आल्याबरोबर आई एका कैरीची फोड कापून चाखायची. डोळे मिटले तर कैरी चांगली. त्या एका फोडीवर डाळीला किती कैरी लागेल याचं तिचं सगळं गणित ठरायचं.

आंबेडाळीबद्दल तिचे नियम मला आजही पाठ आहेत, कारण किसणी माझ्याकडे असायची. हरभऱ्याची डाळ चार-पाच तासच भिजवायची, रात्रभर ठेवली तर पाणी पिऊन बसते. वाटताना पाण्याचा थेंब घालायचा नाही, आणि गंध करायचं नाही. दाताखाली कण आला पाहिजे. कैरीचा कीस, मीठ, चिमूट साखर, ओलं खोबरं. फोडणी मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्या आणि कढीपत्त्याची, पण ती गार करून वरून घालायची. शेजारच्या एक काकू गरम फोडणी ओतायच्या. त्यांच्याकडून आल्यावर आई हातपाय धुताना एवढंच म्हणायची, "डाळ भाजली त्यांनी." पन्ह्याच्या कैऱ्या आदल्या दिवशीच उकडून, गर काढून, गूळ आणि वेलदोडा घालून ठेवलेल्या असायच्या. ओटीचे हरभरे भिजलेले. कलिंगडाच्या कमळासारख्या कापलेल्या पाकळ्या गौरीपुढे.

आणि दारात चैत्रांगण. शिरगोळ्याची रांगोळी चिमटीत धरून आई महिनाभर रोज सकाळी ते काढायची. मध्ये मखरात गौर, तिचा झोपाळा, बाजूला सूर्य-चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, गोपद्मं, कासव, नाग, तुळशीवृंदावन, हत्ती, आंब्याचं झाड. आणि आरसा, फणी, करंडा. लहानपणी मी ती चिन्हं मोजायचो. मोठेपणी लक्षात आलं की सूर्यापासून सापापर्यंत सगळ्यांना जागा असलेल्या त्या अंगणात पोळपाट नव्हता, चूल नव्हती, सूप नव्हतं. माहेरी आलेल्या मुलीच्या हातात फणी द्यायची, लाटणं नाही, हे ज्या कुणी बाईने पहिल्यांदा ठरवलं तिला काय काय ठाऊक असेल!

हळदीकुंकवाचा दिवस आम्हा मुलांना मोठा होता. दुपारी आळीभर बोलावणं करायचं, "आज संध्याकाळी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला बोलावलंय हो!" असं प्रत्येक दारात ओरडायचं. संध्याकाळी गुलाबदाणी माझ्या हातात. मिसरूड फुटायच्या आत ती काढून घेतात, मग मुलगा माडीवर जाऊन बसतो. त्याआधीची चार-पाच वर्षं मी बायकांचं बोलणं ऐकून घेतलं. कुणाची कुरडई फसली, कुणाची सून कशी, कुणाला मुंबईचं स्थळ आलं. आई हळद लावते, कुंकू लावते, ओटीत हरभरे आणि काकडीचा तुकडा घालते, डाळ देते, पन्हं देते. नऊला शेवटची बाई गेली की पातेल्याच्या कडेला राहिलेली डाळ सकाळच्या भाताबरोबर ती उभ्याने खायची. मला तेव्हा त्याचं काही वाटल्याचं आठवत नाही.

सगळ्यात मोठी गंमत मला फार उशिरा कळली. घरात गौर बसलेली असताना आईला माहेरी जाता यायचं नाही! गौरीला रोज नैवेद्य, रोज चैत्रांगण. देवी माहेरपणाला आली म्हणून आई अडकलेली. अक्षय्य तृतीया झाली, गौर उठली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही राजापूरच्या गाडीत. घाट उतरला की आई खिडकीशी बसायची आणि तिचा आवाज बदलायचा. स्टँडवर आजीने "आलीस गो?" म्हटलं की तीही तशीच हेल काढून बोलायला लागायची. आम्ही भावंडं चमकून बघत असू. ही कोण बाई?

खानदेशात हे जास्त मोकळेपणाने चालतं. तिथे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो सासुरवाशिणींचा सण. एकीकडे पितरांची घागर भरायची, आमरस आणि सांजोऱ्या करायच्या, दुसरीकडे निंबाला झोके बांधायचे. गौराईची गाणी म्हणत बाया झोके घेतात. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी या आखाजीवर लिहिलं आहे. देवीला झोक्यावर बसवून आपण खाली उभं राहण्यापेक्षा आपणच बसावं, हे खानदेशी बायकांना आमच्या आधी सुचलं.

परदेशातल्या आईच्या दिवसांचीही मुळं माहेरच्या वाटेवर सापडतात. इंग्लंडमध्ये ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या काळातला चौथा रविवार हा ‘मदरिंग संडे’. मार्चच्या आसपास येतो, आपला चैत्र त्याच्याच मागेपुढे. मोठ्या घरांत कामाला राहिलेल्या पोरींना त्या दिवशी घरी जायची सुटी मिळायची. वाटेत रानातली व्हायोलेटची फुलं खुडून त्या आईला न्यायच्या. सिमनेल केक त्या दिवसाशी जोडलेला. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी मोबाइलवर ज्याचा पूर येतो तो मदर्स डे मात्र अमेरिकेचा. अ‍ॅना जार्विस या बाईची आई १९०५च्या मे महिन्यात गेली. त्या आईने खेड्यापाड्यांतल्या बायकांना जमवून स्वच्छतेचं आणि बालमृत्यू थांबवण्याचं काम केलं होतं, आणि तिची स्वतःची बहुतेक मुलं लहानपणीच दगावली होती. १० मे १९०८ला वेस्ट व्हर्जिनियातल्या ग्राफ्टन गावच्या चर्चमध्ये अ‍ॅनाने आईला आवडणारी पांढरी कार्नेशनची ५०० फुलं पाठवली. १९१४मध्ये अध्यक्ष विल्सन यांनी तो दिवस देशभर जाहीर केला. पुढे फुलवाले, कार्डवाले आणि मिठाईवाले त्यावर तुटून पडलेले पाहून अ‍ॅना इतकी चिडली की उरलेलं आयुष्य तिने स्वतःच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध भांडण्यात घालवलं. १९४८मध्ये एका रुग्णालयात ती गेली. तिला मूल नव्हतं. तिने तो दिवस मुलगी म्हणून मागितला होता.

आपल्या पंचांगातला मातृदिन श्रावणात, पिठोरी अमावास्येला. त्या दिवशी आई उपास करते, तोही मुलांसाठी. संध्याकाळी नैवेद्याचं ताट डोक्यावरून मागे धरून विचारते, "अतीत कोण?" आपण मागून "मी!" म्हणायचं आणि खाऊ घ्यायचा. आईच्या नावाच्या दिवशीही ताट आपल्यालाच. त्या हिशेबात मला चैत्रगौर उजवी वाटते. तिथे देवीला कुणाची आई म्हणून कुणी काही मागत नाही, मुलगी म्हणून ती आलेली असते.

पण हा सण जितका गोड सांगतात तितका तो सगळ्यांना नव्हता. सोळा वर्षांपूर्वी वडील गेले. पहिल्या चैत्रात आईने गौर बसवली, डाळ केली, पन्हं केलं आणि माझ्या बायकोला म्हणाली, "बायकांचं तू बघ." स्वतः स्वयंपाकघरात बसून राहिली. बाहेर तिच्या माहेरच्या अन्नपूर्णेपुढे, तिने वाटलेली डाळ खात आळी गप्पा मारत होती. कुणी तिला आत बसवलं नव्हतं, तसं सांगायची गरजच नव्हती. मी माडीवर होतो. तेव्हा मला खाली यायचं सुचलं नाही, हे लिहून ठेवायला हवं.

मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि सरकारने इतर गावांनाही तसं सुचवलं. आईने पेपरात ते वाचलं. दोनदा वाचलं. काही बोलली नाही. पुढच्या चैत्रात शेजारच्या त्याच गरम फोडणीच्या काकू करंडा घेऊन सरळ स्वयंपाकघरात शिरल्या आणि आईपुढे उभ्या राहिल्या. आईने मान मागे घेतली. मग हळदीचं बोट लावून घेतलं. कुंकवाला म्हणाली, "ते राहू दे." काकूंनी आग्रह केला नाही. दोघी तिथेच ओट्याशी पन्हं पीत बसल्या आणि बाहेरच्यांना दहा मिनिटं कुणी डाळच वाढली नाही.

आता तिला पाटावर वाकता येत नाही. चैत्रांगण मी काढतो. माझी गोपद्मं बदकाच्या पायांसारखी येतात, हत्तीला सोंड कुठे आणि शेपूट कुठे हे सांगावं लागतं. ती खुर्चीत बसून हाताने हवेत वळण दाखवते. डाळही मीच वाटतो, मिक्सरवर, थांबत थांबत, नाहीतर गंध होतं. कैरी बाजारातली, तरी फोड तीच चाखते.

या वर्षी अक्षय्य तृतीयेला गौर उठवली. झोपाळा पुसून माळ्यावर ठेवला, मोगऱ्याची सुकलेली माळ तुळशीत टाकली. अन्नपूर्णेची वाटी दिवाळीला आणि या दिवशी अशी दोनदा नव्या तांदळाने भरतात. मी नवे तांदूळ घातले, वर मूर्ती बसवली, पळी समोरून दिसेल अशी वळवली. जुने मूठभर तांदूळ टाकायचे नसतात, ते रात्रीच्या भातात जातात. मी भात लावत होतो तेव्हा आतून तिचा आवाज आला.

"जुना तांदूळ आहे रे. पाणी जरा जास्त घाल."