रोमन अक्षरांतील मराठी पोथी : क्रिस्तपुराणाच्या मूळ लिपीचा विचार

आष्टी-बीडकडील जुन्या दप्तरांत मराठी मोडींत आणि फार्सी फार्सीच अक्षरांत सांपडते. त्यामुळें लिपीवरून भाषा ठरविण्याची संवय जडते. गोमंतकांतील ख्रिस्ती पोथ्यांपुढें ती फसते. इराणाकडील आर्मेनियन लोकांनीं फार्सी शुभवर्तमान आपल्या अक्षरांत लिहून घेतलें, तसाच प्रकार येथें मराठीचा झाला.

फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेजुइट १५७९ त गोव्यास आला. त्याचें क्रिस्तपुराण १६१६ त रायतूर येथें छापलें गेलें. पहिल्या पुराणाचे ३६ व दुसऱ्याचे ५९ अवस्वर. ओव्या मराठी, अक्षरें रोमन. देशी लिपीविषयीं त्यास अनास्था होती असें मात्र नव्हे. १६०८ च्या पत्रांत त्यानें त्या लिपींत ग्रंथ छापण्याची आपली इच्छा कळविली असून अडचण सांगितली ती सुमारें ६०० साच्यांची. पुढें १६४९ व १६५४ त आवृत्त्या निघाल्या, परंतु तिहींपैकीं एकीचीहि प्रत आज उपलब्ध नाहीं. १९०७ त सालढाणा यांनीं मंगळुरास ग्रंथ छापला तो हस्तलिखित नकलांवरून, रोमन अक्षरांतच.

या लेखनांत ट, ड, ण, ळ हे वर्ण रोमन अक्षर दुप्पट करून दाखवितात. श व ष दोहोंस एकच एक्स. ऱ्हस्वदीर्घ बहुधा दाखवीत नाहींत. म्हणून काल व कला सारखेच दिसतात, आणि दुहेरी एन म्हणजे ण कीं अन्नांतील न्न, हें अर्थावरून ठरवावें लागतें.

१९२० नंतरच्या दशकांत डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांस लंडनच्या मार्सडेन संग्रहांत याच पुराणाची देवनागरी प्रत आढळली. तींत परकी शब्दांच्या जागीं संस्कृत शब्द असल्यानें तीच मूळची, असा त्यांचा कल होता. आम्हांस हा पुरावा अपुरा वाटतो. संस्कृत शब्द मागाहूनचा नकलकारहि घालूं शकतो. कसोटी लावावयाची ती चुकांची. नागरी प्रतींत न्नच्या जागीं ण किंवा ल्लच्या जागीं ळ वारंवार पडला असेल, तर ती रोमनवरून उतरली. उलट रोमन नकलेंत घ-ध किंवा प-ष यांची अदलाबदल दिसली, तर तिच्यामागें नागरी आदर्श होता. श-षचा घोटाळा नागरी लेखकहि करितात, तो हिशेबांत धरूं नये. परिचित शब्द नकलकार आपोआप सुधारतो. तेव्हां विरळ शब्द व परदेशी नांवें प्रथम ताडावीं.

बांदेलू यांच्या १९५६ च्या देवनागरी आवृत्तीनें ग्रंथ मराठी वाचकास सुलभ झाला, हे उपकार मोठे; पण या कामास तिचा उपयोग नाहीं. अशी पोथी हातीं आल्यास नागरींत उतरून घेतांना संशयित शब्दाचें रोमन रूप समासांत जसेंच्या तसें नोंदून ठेवावें.