सम मोकळी सोडणारं मेटल

मेटल हे जागा भरून काढणारं संगीत आहे. गिटारच्या तारा नेहमीपेक्षा खाली उतरवायच्या, आवाज फाटेपर्यंत वाढवायचा, तळहाताची कड तारांवर दाबून सूर तुटक करायचा आणि त्या प्रत्येक तुकड्याबरोबर ड्रमचा पायातला ठोका जुळवायचा. मग ऐकणाऱ्याला फट म्हणून सापडत नाही. रेगेचं काम याच्या बरोबर उलट चालतं. चार मात्रांच्या आवर्तनात आपला कान जिथे समेची वाट पाहतो, ती पहिली मात्राच ‘वन ड्रॉप’ या चालीत रिकामी सोडलेली असते. ड्रमचं वजन तिसऱ्या मात्रेवर पडतं, गिटार दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर हलकेच खरवडून गप्प होते आणि गाणं पुढे नेण्याचा भार बास गिटार उचलते. एक संगीत पोकळी सहन करत नाही, दुसरं पोकळीवरच उभं आहे. ही दोन एकाच गाण्यात आणायची, त्यावर रॅपची भरधाव शब्दकळा चढवायची आणि त्यातून ख्रिस्ती श्रद्धा सांगायची, हा उद्योग कागदावर वेडाचाच वाटतो. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा ‘पी.ओ.डी.’ हा बँड तो १९९२ पासून करतो आहे. रॅप आणि रेगे त्यांनी तोंडी लावायला घेतले, असं त्यांच्याबद्दल नेहमी बोललं जातं. माझं म्हणणं वेगळं आहे. या दोन प्रकारांमुळेच त्यांच्या मेटलला बोलायला जागा मिळाली, आणि त्यांची श्रद्धा सर्वांत खरी ऐकू येते ती त्या जागेत.

सॅन डिएगोचा दक्षिण भाग मेक्सिकोच्या सीमेला लागून आहे. या बँडच्या गाण्यांत येणारं ‘साउथटाउन’ ते हेच. मेक्सिकन, फिलिपिनो, पॅसिफिक बेटांवरून आलेली आणि कृष्णवर्णीय कुटुंबं तिथे शेजारीशेजारी राहतात, आणि या वस्तीत वाढलेल्या मुलाच्या कानावर एकाच दिवसात रॅप, रेगे, पंक आणि मेटल पडणं यात नवल काही नाही. गिटारवादक मार्कोस क्युरिएल आणि ड्रमर नोआ ‘वुव’ बर्नार्डो यांनी सुरुवात केली. वुवचा नात्यातला भाऊ सॉनी सँडोव्हल गायक म्हणून आला. १९९४ मध्ये बासवर ट्रा डॅनियल्स आला आणि जुळणी पूर्ण झाली. सॉनीची श्रद्धा वारशाने अंगावर पडलेली नव्हती. आईला ल्युकेमिया झाला, ती गेली, आणि त्या काळात तो विश्वासाकडे वळला. बँडचं नावसुद्धा मृत्यूशी जोडलेलं आहे. ‘पेएबल ऑन डेथ’ ही अमेरिकेतल्या बँकांची संज्ञा. खातेदाराच्या मृत्यूनंतर पैसे ज्याला मिळायचे त्याचं नाव खात्याला आधीच जोडलेलं असतं. येशूच्या मरणाने माणसाचं देणं फिटलं, हा अर्थ त्यांनी त्यावर चढवला. पहिल्या काही तबकड्या वुवच्या वडिलांच्या ‘रेस्क्यू रेकॉर्ड्स’ या घरगुती म्हणावी अशा कंपनीतून निघाल्या: १९९४ मध्ये ‘स्नफ द पंक’ आणि १९९६ मध्ये ‘ब्राउन’.

हे मिश्रण ओढूनताणून केलेलं नाही, हे पटायला या प्रकारांची वंशावळ पाहावी लागते. रॅपच्या जन्मकथेत ज्याचं नाव पहिलं येतं, तो डीजे कूल हर्क मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा. ११ ऑगस्ट १९७३ च्या न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या ज्या समारंभापासून हिप-हॉपचा इतिहास मोजतात, त्याच्या मागे जमैकाच्या रस्त्यांवरच्या ‘साउंड सिस्टिम’ची परंपरा आहे. तिथे तबकडी चालू ठेवून तिच्यावर लयीत बोलायची रीत होती, तिला ‘टोस्टिंग’ म्हणत. म्हणजे रॅप आणि रेगे हे सख्खे नसले तरी एका घरातले. कर्कश गिटार आणि रेगे यांची सोयरीक वॉशिंग्टनच्या ‘बॅड ब्रेन्स’ने आधीच जुळवली होती. हे कृष्णवर्णीय रास्ताफारी तरुण छातीत धडकी भरवणाऱ्या वेगाचं हार्डकोर पंक वाजवत आणि त्याच मैफलीत पुढचं गाणं संथ रेगे असे. रॅप आणि मेटल यांचं सूतही १९९१ मध्ये मेटल बँड अँथ्रॅक्स आणि रॅप गट पब्लिक एनिमी यांनी ‘ब्रिंग द नॉइज’ एकत्र करून दाखवल्यापासून सर्वांना ठाऊक होतं. सॉनी आणि मंडळींनी नवीन केलं ते एवढंच, की हे सगळे धागे एका गाण्याच्या आत, कधी कधी एका कडव्याच्या आत, विणायचं धाडस केलं.

‘यूथ ऑफ द नेशन’ हे त्यांचं सर्वांत प्रसिद्ध गाणं या दृष्टीने लक्ष देऊन ऐकण्यासारखं आहे. ५ मार्च २००१ रोजी सॅन डिएगोजवळच्या सँटी गावातल्या सँटाना हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने गोळीबार केला. दोन मुलं मेली. बँड तेव्हा त्याच परिसरात ‘सॅटेलाइट’ या अल्बमची तयारी करत होता. अशा विषयावर मेटल बँडने काय करावं, याची ठरलेली रीत आहे: संताप, किंचाळी आणि सगळ्या वाद्यांचा एकत्र घणाघात. इथे तसं होत नाही. पुढे असतो तो ड्रम, तोही झांजांच्या झळझळाटाशिवाय, टॉम या ड्रमच्या जाड, पोकळ आवाजात, एखाद्या मिरवणुकीच्या ढोलासारखा. गिटार जवळजवळ स्वच्छ, एक छोटी सुरावट परत परत वाजवणारी. बास खाली स्वतःची वाट चालतो. मधली सगळी जागा मोकळी, आणि त्या जागेत सॉनी जवळजवळ बोलतो. पहिल्या कडव्यात बोलणारा आहे गोळी लागून मेलेला मुलगा स्वतः. शाळेकडे निघाल्यापासूनची हकीकत तोच सांगतो. दुसऱ्यात बापाने टाकलेली बारा वर्षांची मुलगी. तिसऱ्यात बंदुकीने स्वतःचा जीव घेणारा मुलगा, आणि त्याच्याकडेही गाणं त्याच आवाजात, त्याच अंतरावरून पाहतं. पालुपद लहान मुलांचा वृंद गातो. गिटारचा पूर्ण भार येतो तो बऱ्याच उशिरा, आणि तोवर श्रोता तीन आयुष्यांना सामोरा गेलेला असतो. या गाण्यात रेगेचा ठेका शोधायला गेलात तर कदाचित सापडणार नाही. रेगेची शिस्त मात्र सापडते: काय वाजवायचं नाही, कुठे थांबायचं, बास आणि ढोल यांच्यावर विश्वास ठेवून गिटार कुठे गप्प बसवायची. रॅपने इथे जे दिलं तेही असंच मोलाचं. मेटलच्या किंचाळीत हकीकत सांगता येत नाही, फक्त अवस्था सांगता येते. रॅपमध्ये नाव, वय, रस्ता, शाळा येऊ शकते. ख्रिस्ती परंपरेत साक्ष देण्याला, म्हणजे काय घडलं ते चारचौघांत उभं राहून सांगण्याला, फार वरची जागा आहे, आणि साक्ष द्यायला शब्द ऐकू यावे लागतात. प्रभूचं नाव एकदाही न घेता हे गाणं तीन मुलांच्या बाजूने साक्ष देतं.

उघड रेगे ऐकायचा तर त्याच अल्बममध्ये आहे. ‘रिडिक्युलस’मध्ये जमैकाचा गायक ईक-अ-माउस आपल्या विचित्र नाकातल्या आवाजासह येतो. ‘विदाउट जा, नथिंग’मध्ये तर बॅड ब्रेन्सचा गायक एच.आर. स्वतः आहे, आणि त्या गाण्यात हार्डकोरची घाई व रेगेची ऐसपैस चाल समोरासमोर ठेवलेली आहे. ज्याच्याकडून शिकलो त्याला बोलावून सोबत गायला लावणं, हे ऋण मान्य करण्याचं मला फार आवडलेलं रूप आहे. उलट ‘बूम’सारखं गाणं मला त्यांच्या दुसऱ्या फळीतलं वाटतं. ते अंगात येतं खरं, पण त्यात सगळी जागा भरलेली आहे आणि सांगायला आम्ही आलो आहोत यापलीकडे फारसं काही नाही.

यावर पहिला आक्षेप बाजाराचा. १९९९-२००१ च्या सुमारास रॅप-मेटल अमेरिकेत धो धो खपत होतं. तेव्हा ही मंडळी वारा पाहून पाठ फिरवणारीच असणार, असं म्हणतात. आकडे या संशयाला खतपाणी घालतात. ‘सॅटेलाइट’च्या अमेरिकेतच तीस लाखांवर प्रती गेल्या, हॉवर्ड बेन्सनसारखा कसलेला निर्माता आणि अटलांटिकसारखी बडी कंपनी मागे होती. पण तारखाही पाहाव्यात. ‘स्नफ द पंक’ १९९४ चा. ज्या ‘कॉर्न’ या बँडपासून या लाटेची सुरुवात धरतात त्यांचा पहिला अल्बमही त्याच वर्षीचा, आणि लिंप बिझकिटचा तर १९९७ चा. लाट येण्याआधी पाच वर्षं ही माणसं लहानसहान ठिकाणी हेच वाजवत होती. लाट ओसरल्यावर त्यांनी रेगे सोडला का? २००६ च्या ‘टेस्टिफाय’मध्ये त्यांनी मातिस्याहू या तेव्हा कट्टर हसिडिक वेशात गाणाऱ्या ज्यू रेगे गायकाला बोलावलं. फॅशनसाठी केलेली गोष्ट माणूस फॅशन गेल्यावर एवढ्या मायेने करत नाही.

दुसरा आक्षेप खुद्द ख्रिस्ती लोकांचा, आणि तो जास्त जुना आहे: हे संगीत सैतानाचं, त्यात देवाचं नाव कसं घालता? २००३ मध्ये ‘पेएबल ऑन डेथ’ या अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या गूढ चित्रामुळे अमेरिकेतल्या पुष्कळ ख्रिस्ती दुकानांनी तो विकायला नकार दिला. २००० मध्ये त्यांनी ‘ऑझफेस्ट’च्या दौऱ्यात वाजवलं, म्हणजे ज्याच्या नावाने भाविक घरांत धाक घालत त्या मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्नच्या मांडवात, याचीही टीका झाली. मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला ‘क्रिस्तपुराण’ छापलं, ते दहा हजारांहून अधिक ओव्यांचं. पुराण हा आकार आणि ओवी हा छंद ज्या श्रद्धेचे होते, ती त्याची नव्हती. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये आणलं, आणि त्यांची भजनं आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत गायली जातात. आकार कुणाच्या मालकीचा नसतो. पण तो निर्गुणही नसतो, आणि आक्षेप घेणाऱ्यांचं हे म्हणणं मी मान्य करतो. ओवीची सवय कथा सांगण्याची, अभंगाची आळवण्याची, मेटलची झुंजण्याची. ज्याला त्या आकाराची सवय आपल्या आशयाच्या कामाला लावता येते त्यालाच तो वापरण्याचा हक्क पोहोचतो. इथे मेटलची झुंज वाईटाविरुद्ध, रॅपची साक्ष दुबळ्यांसाठी आणि रेगेची मोकळी मात्रा प्रार्थनेसाठी लागली आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत अवघड. रेगेतला ‘जा’ हा रास्ताफारींचा देव. त्यांच्यातल्या अनेकांसाठी तो इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी, ज्याचा १९३० मध्ये राज्याभिषेक झाला, त्याच्याशी जोडलेला. मग येशूला मानणाऱ्यांनी ‘जा’चं नाव घेणं ही उचलेगिरी नव्हे का? श्रद्धांमधला फरक खराच आहे आणि तो पुसू नये. पण दोघांचा ग्रंथ एक आहे. ‘जा’ हे नाव बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात अडुसष्टाव्या स्तोत्रात छापलेलं आहे. ‘रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन’ हे मेलोडियन्सचं १९७० चं रेगे गाणं स्तोत्रसंहितेतल्या निर्वासितांच्या विलापावर उभं आहे. बॉब मार्लीने १९८० मध्ये इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. रेगेत बायबल बाहेरून आणावं लागत नाही. तिथे ते आधीपासून आहे, आणि तेही गुलामांच्या वंशजांनी वाचलेलं, बंदिवासाची आणि परतीची आस असलेलं. सीमेलगतच्या वस्तीतल्या मुलांना श्रीमंत उपनगरांतल्या चर्चच्या गुळगुळीत स्तुतिगीतांपेक्षा हे वाचन जवळचं वाटलं, यात चोरी नाही.

श्रद्धा नसलेला श्रोता म्हणेल, शेवटी हा उपदेशच. काही गाण्यांपुरतं ते खरं आहे; जिथे ओळी ठोकळेबाज होतात, तिथे गिटारही जागा भरायला धावते, आणि त्यांचे मधल्या काळातले अल्बम त्यामुळे मला फिके वाटतात. २००३ मध्ये क्युरिएल बाहेर पडला आणि २००६ च्या अखेरीस परतला. त्या मधल्या दोन अल्बमांत त्याच्या गिटारचं थांबणं जाणवण्याइतकं हरवलं होतं. पण ‘थिंकिंग अबाउट फॉरएव्हर’मध्ये सॉनी गेलेल्या आईशी बोलतो, ते ऐकायला कुठल्याही धर्माचा दाखला लागत नाही.

या पद्धतीचा वंश पुढे चालला आहे. युक्रेनच्या ‘जिंजर’ या मेटल बँडने २०१९ मध्ये ‘जजमेंट अँड पनिशमेंट’ या गाण्यात कमालीच्या भारी गिटारच्या मधोमध रेगे आणला. त्याच बँडची गायिका तातियाना श्मायलुक २०२४ च्या ‘व्हेरिटास’ या पी.ओ.डी.च्या अल्बमवर पाहुणी म्हणून गायली आहे. ज्यांना या संगीताचं नाव ऐकूनच कान झाकावेसे वाटतात त्यांनी एवढंच करावं: ‘यूथ ऑफ द नेशन’ आणि ‘विदाउट जा, नथिंग’ ही दोन गाणी लागोपाठ, चांगल्या हेडफोनवर ऐकावीत, आणि पहिल्यांदा ऐकताना गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त बास आणि ड्रम यांच्याकडे कान द्यावा.