बाळाची नजर ठरेना, तेव्हा

दोन-तीन महिन्यांचं बाळ मांडीवर आहे, आई खुळखुळा वाजवतेय आणि बाळाची बुबुळं मात्र सारखी डावी-उजवीकडे हलताहेत. खेड्यात काय, पुण्यात काय, आधी मीठ-मोहरी उतरवली जाते. उतरवा, पण त्याआधी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ हमखास झोपलेलं असतं.

या हालचालीला निस्टॅग्मस म्हणतात. कधीपासून, हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. ‘जन्मजात’ म्हणवणारा प्रकारही बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात उघड होतो: दोन्ही डोळे जोडीनं, आडवे, वर पाहतानाही आडवेच. बारीक, भराभर थरथर, एका डोळ्यात जास्त, सोबत मान डोलणं असेल तर स्पॅस्मस न्यूटन्स आठवतो. तो आपोआप जातो, पण दृष्टीच्या नसेवरची गाठही हेच सोंग आणते, म्हणून एमआरआय करतात. डोळे चहूबाजूंना उसळत असतील तर छाती-पोटात न्यूरोब्लास्टोमाची गाठ शोधावी लागते.

पण पुष्कळदा खोट डोळा हलवणाऱ्या स्नायूंत नसते, दिसण्यात असते. डोळ्याच्या पडद्यावर चित्र नीट उमटलं नाही की डोळा एका जागी धरून ठेवायला मेंदूला आधारच उरत नाही. म्हणून तपासणी समोरून मागे सरकते. खोलीत अंधार करून, हातभर अंतरावरून बाहुलीत प्रकाश टाकतात. लालसर चमक दिसली पाहिजे. पांढरट किंवा काळपट दिसलं तर मोतीबिंदूची शंका. बुबुळाच्या रंगीत भागातूनच उजेड आरपार येत असेल तर वर्णहीनता. समोरचं सगळं ठीक असेल तर पडदा आणि नस पाहतात. मूठ डोळ्यात खुपसत राहणारं बाळ किंवा उन्हात डोळेच न उघडणारं बाळ असेल तर पडद्याची वीज मोजणारी ईआरजी तपासणी करतात. आते-मामे नात्यातलं लग्न आहे का, हेही विचारतात, कारण पडद्याचे काही आजार आई-वडील दोघांकडून मिळून येतात. सगळं तपासूनही काही न सापडणारी बाळं असतात. त्यांची नजर बहुधा बऱ्यापैकी असते.

घाई खरी आहे ती मोतीबिंदूची. दोन्ही डोळ्यांत दाट असेल तर शस्त्रक्रिया साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या आत व्हावी. थरथर सुरू झाली म्हणजे थोडा उशीर झालाच, तरी शस्त्रक्रिया सोडायची नसते. आशाताईंच्या नवजात बाळासाठीच्या घरभेटी 42व्या दिवसापर्यंत असतात, म्हणजे बरोबर त्याच मुदतीत. बाहुली पांढरी दिसते का, एवढं त्यांना विचारायला काय हरकत आहे? पुढं 2013पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं फिरतं पथक अंगणवाडीत येतं, पण तोवर थांबू नये.

मूल मोठं झालं की मान एका बाजूला वळवून टीव्ही पाहू लागतं आणि घरचे ती सारखी सरळ करतात. करू नका. त्या कोनात त्याची थरथर सगळ्यात कमी असते.