अर्ध्या पुलाला कोण धरतं?

कोकणात वहाळावर पोफळीचे दोन-चार सोट आडवे टाकले की साकव होतो. पावसात वाहून गेला तर पुन्हा टाकायचा. सोट चार माणसं उचलतात; शंभर मीटरचा गाळा कोण उचलणार? म्हणून मोठा पूल आखताना इंजिनिअरला पहिल्याच दिवशी एक प्रश्न सोडवावा लागतो: पूल पुरा होईपर्यंत त्याला धरणार कोण? प्रत्येक प्रकारच्या पुलाने याचं आपापलं उत्तर शोधलं आहे.

दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत प्रत्येक दगड शेजारच्याला रेटतो आणि त्या रेट्यावरच कमान उभी राहते. मात्र वरचा कळीचा दगड बसेपर्यंत रेटा पुरा होत नाही. तोवर खालचा लाकडी साचा भार घेतो. पुण्याचा शिवाजी पूल अशाच दगडी कमानींचा. तो १९२३ साली झाला. शंभरी उलटली तरी जुने पुणेकर त्याला ‘नवा पूल’च म्हणतात. जम्मू-काश्मीरमध्ये चिनाबवर ४६७ मीटरची पोलादी कमान आहे. रूळ नदीपासून ३५९ मीटर उंच. तिथे खालून साचा लावणार कसा? दोन्ही काठांवरून अर्ध्या-अर्ध्या कमानी केबलींनी मागे ताणून धरत पुढे नेल्या आणि एप्रिल २०२१ मध्ये मधोमध जोडल्या.

सरळ गर्डर वाकतो तेव्हा त्याची वरची बाजू दबते, खालची ताणली जाते. काँक्रीट ताणाला कच्चं, म्हणून त्यात पोलादी तारा ताणून बसवतात. कोकण रेल्वेचा रत्नागिरीजवळचा पानवल पूल ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. त्याचा गर्डर एका काठावर तुकड्या-तुकड्याने ओतला आणि प्रत्येक तुकडा तयार झाला की अख्खा गर्डर जॅकने खांबांवरून पुढे ढकलला.

हावड्याला हुगळीत मधे खांब नको होते. तिथे काठांवरून दोन पोलादी बाहू पुढे काढले, मागच्या बाजूने तोलून धरले. १९४३ मध्ये खुल्या झालेल्या या पुलाचा मधला गाळा ४५७ मीटर आहे आणि त्याचे भाग नट-बोल्टने नव्हे, रिव्हेटने जोडलेले आहेत.

झुलत्या पुलात मुख्य केबल मनोऱ्यांवरून जाऊन काठावर जमिनीत रुतवलेली असते. रस्ता तिला टांगलेला. वांद्रे-वरळी सी-लिंकचं तसं नाही. तिथे प्रत्येक केबल मनोऱ्यातून थेट रस्त्यापर्यंत उतरते. वांद्र्याकडच्या मनोऱ्याच्या दोन्ही अंगांना २५० मीटरचे गाळे आहेत. ते तराजूसारखे समतोल राखत वाढवले. डावीकडे एक तुकडा, उजवीकडे एक.

हे सगळं डोळ्यांना दिसणारं. नदीतल्या खांबाखाली बहुधा काँक्रीटची पोकळ विहीर असते. आतली वाळू उपसत गेलं की ती स्वतःच्या वजनाने खाली उतरते. पुराचं पाणी खांबाभोवतीची वाळू खरवडून नेतं, म्हणून विहीर त्या खरवडीच्याही बरीच खाली न्यावी लागते.

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह नदीत गेल्या. कमानींच्या पुलात शेजारच्या दोन कमानी मधल्या खांबाला दोन्हीकडून रेटून सावरतात. एक गेली की दुसरीचा आधार सुटतो. पुरा झालेला पूलही मग अर्ध्या पुलासारखाच उघडा पडतो, आणि त्या वेळी त्याला धरायला ना साचा असतो ना केबल.

दिवाळीच्या सुमारास पाणी ओसरतं, खांबांचे पाय उघडे पडू लागतात. वाकून बघायला हीच वेळ बरी.