माथ्यावरच्या गावाची नदी

नदी सुधारण्याचा विषय निघाला की लहान गावांमध्ये एक उत्तर ठरलेलं असतं. नाशिकला गोदावरी आहे, पुण्याला मुळा-मुठा आहे, आपल्याकडे आहे काय? उमरग्याच्या बाबतीत हा प्रश्न भूगोलाकडे पाठ फिरवून विचारलेला आहे.

धाराशिव जिल्ह्यातला उमरगा तालुका दोन मोठ्या खोऱ्यांच्या मधल्या उंचवट्यावर वसलेला आहे. उत्तरेच्या उतारावर पडलेला पाऊस तेरणेला मिळतो, तेरणा मांजरेला आणि मांजरा गोदावरीला. दक्षिणेच्या उतारावरचं पाणी बेन्नीतुरेतून कर्नाटकात जातं, तिथे कागिणेला, पुढे भीमेला आणि शेवटी कृष्णेला मिळतं. म्हणजे एकाच तालुक्यात पडलेला पाऊस दोन वेगवेगळ्या महानद्यांत वाटला जातो. अशा माथ्यावरच्या गावाला बाहेरून पाणी आणून देणारी मोठी नदी नसते, ही उणीव खरी. पण तिची दुसरी बाजू क्वचितच कुणी बोलून दाखवतं. वरच्या अंगाला दुसरं शहर नसल्यामुळे आपल्या ओढ्यात दुसऱ्याची घाण येत नाही. ओढ्यात वाहतं ते सगळं आपलंच असतं, चांगलंही आणि वाईटही. खालच्या अंगाच्या शहराला नदी स्वच्छ करायची तर वरच्या गावांची मनधरणी करावी लागते. उमरग्यासारख्या गावाला ते काम स्वतःच्या बळावर करता येतं. मला ही फार मोठी संधी वाटते. म्हणूनच तिच्या आड येणारे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

“बारमाही वाहत नाही, मग नदी कसली?”

दख्खनच्या काळ्या पाषाणावरच्या लहान नद्या मुळातच हंगामी असतात. पावसाळ्यात वाहायचं, हिवाळ्यापर्यंत झिरपत राहायचं आणि उन्हाळ्यात डोहांपुरतं उरायचं, हा त्यांचा स्वभाव आहे. वरून कोरड्या दिसणाऱ्या पात्राखाली मुरमाच्या थरात पाणी हळूहळू सरकत असतं. ओढ्याकाठच्या विहिरी आणि जुने आड इतरांपेक्षा उशिरा आटतात ते याच पाण्यामुळे. पात्रात सिमेंट ओतलं, वर स्लॅब टाकला की वरचा प्रवाह झाकला जातो आणि खालचं मुरणंही थांबतं. मग आसपासचे बोअर दरवर्षी आणखी खोल न्यावे लागतात.

कायद्याच्या दृष्टीनेही ओढा हलका नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्यांची, ओढ्यांची आणि नाल्यांची पात्रं राज्य शासनाच्या मालकीची आहेत. नदी मोठी म्हणून तिला संरक्षण आणि नाला छोटा म्हणून तो बुजवायला मोकळा, असा भेद तिथे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात अतिवृष्टी झाली. ओढ्याकाठची माती पिकासकट वाहून गेली, वर्षानुवर्षं कोरडे दिसणारे नाले गावांत शिरले. पाणी आपली जुनी वाट विसरत नाही.

“पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं”

हा समज सर्वांत जुना, आणि सर्वांत जास्त नुकसान यानेच केलं आहे. थोडा हिशोब मांडून बघू. २०११ च्या जनगणनेनुसार उमरगा शहराची लोकसंख्या ३५ हजारांच्या घरात होती. भुयारी गटार नसलेल्या गावांसाठी पाणीपुरवठ्याचा निकष माणशी दररोज ७० लिटरचा आहे आणि त्यातलं सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडतं, असं धरतात. या हिशोबाने रोजचं सांडपाणी २० लाख लिटरच्या आसपास भरतं. आजची लोकसंख्या आणि घरोघरचे बोअर धरले तर आकडा वाढेलच.

नदीचं पाणी दूषित आहे की नाही, हे ठरवायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ बीओडी मोजतं. पाण्यातली घाण कुजताना जंतूंना किती ऑक्सिजन लागतो, त्याचं ते माप. लिटरमागे ३ मिलिग्रॅमच्या वर गेलं की तो पट्टा प्रदूषित समजला जातो. घरगुती सांडपाण्यात हेच माप साधारण २०० ते ३०० असतं. म्हणजे एक लिटर सांडपाणी केवळ पातळ करून निभावायचं तर ऐंशी लिटरच्या आसपास निर्मळ पाणी हवं. २० लाख लिटरसाठी रोज १६ कोटी लिटर! पावसाळ्यातले काही दिवस सोडले तर माथ्यावरच्या ओढ्यात एवढं पाणी कुठून येणार? फेब्रुवारी ते मेपर्यंत तर नैसर्गिक प्रवाह जवळजवळ शून्य असतो. त्या काळात पात्रात जे वाहतं ते शंभर टक्के नालीचं पाणी.

शिवाय धुऊन गेलेलं जातं कुठे? बेन्नीतुरेवर पुढे कलबुर्गी जिल्ह्यात धरण आहे. सरहद्दीपलीकडच्या माणसाला आपण काय पाठवतो, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलाच पाहिजे. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदले गेले, त्यातले ५५ महाराष्ट्रातले. कुठल्याही एका राज्यातला हा सर्वाधिक आकडा आहे.

यावर “प्रक्रिया केंद्र आपल्याला परवडत नाही” असं सांगितलं जातं. मोठं यांत्रिक केंद्र चालवायला वीज आणि तंत्रज्ञ लागतात, हे खरं. पण नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या फायटोरिडसारख्या पद्धतीत सांडपाणी आधी टाकीत निवळवून खडी-वाळूच्या वाफ्यांतून सोडतात. त्या वाफ्यांत कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती लावलेल्या असतात. मुळांभोवतीचे जंतू घाण खातात, वीज फारच थोडी लागते. जागा मात्र लागते, वनस्पती वेळोवेळी कापाव्या लागतात, टाकीतला गाळ काढावा लागतो. असे वाफे दोन-तीन मोठ्या नाल्यांच्या तोंडाशी बसवणं नगरपरिषदेच्या आवाक्याबाहेरचं नाही. सेप्टिक टँकचा मैला उपसणारे टँकर रिकामे कुठे होतात, याचीही नोंद ठेवावी लागेल. ते ओढ्यातच रिकामे होत असतील तर वाफे कितीही चांगले असोत, उपयोग नाही.

“पोकलेन लावला की नदी जिवंत”

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात लातूरकरांनी वर्गणी काढून मांजरेच्या पात्रातला गाळ उपसला, पात्र खोल आणि रुंद केलं. तहानलेल्या शहराने स्वतःच्या खिशातून केलेलं ते काम कमी लेखण्याचं काहीच कारण नाही. त्यातून साठवण वाढली. पण साठवण वाढवणं वेगळं आणि नदी जिवंत करणं वेगळं. त्यानंतर मराठवाड्यात “नदी पुनरुज्जीवन” म्हटलं की डोळ्यांसमोर यंत्रच येऊ लागलं, ही मात्र अडचण झाली.

धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या पोटात साचलेला गाळ काढणं योग्यच आहे, शेतकऱ्याच्या रानाला तो उपयोगीही पडतो. पण माथ्यावरच्या ओढ्याचं पात्र मुरूम फोडून पाषाणापर्यंत नेलं की गणित उलटतं. पाणी धरून ठेवणारा थर मुरमाचाच असतो. तो कापला की दोन्ही बाजूंच्या विहिरींचं पाणी पाझरून चरात येतं, उघड्यावर तापतं आणि उडून जातं. आपल्याकडे उघड्या पाण्याचं बाष्पीभवन वर्षाला दीड-दोन मीटर सहज होतं. सरळ, खोल चरात पुराचा वेगही वाढतो आणि काठ ढासळतात. जलयुक्त शिवार योजनेतल्या अशाच सरसकट खोदकामाविरुद्ध अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा उच्च न्यायालयात गेले होते आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या समितीने त्या कामांची तपासणी केली. ओढ्याला वळणं हवीत, उथळ जागा हव्यात, मधेमधे डोह हवेत. मासे, बेडूक आणि मुरणारं पाणी तिथेच टिकतं.

“काठ बांधला, बाग केली, काम संपलं”

नदीकाठच्या बागेला माझा विरोध नाही, उलट तिचा आग्रहच आहे. वेळा अमावास्येला अख्खं गाव रानात जाऊन झाडाखाली पंगत मांडतं, त्या मुलखात सावलीचं मोल वेगळं सांगायला नको. उरलेले ३६४ दिवस मात्र शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि पोरांना बसायला-खेळायला जागा नसते. ओढ्याचे दोन्ही काठ ही अशा जागेची सर्वांत स्वाभाविक पट्टी आहे.

गैरसमज आहे तो भिंतीबद्दल. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखतात. साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, मैदान, बाग, शेती अशा मोकळ्या वापराला वाव आहे. म्हणजे कायद्याने हिरवी जागा राखूनच ठेवली आहे. पुराचं पाणी तिथे पसरणार आणि दोन दिवसांनी ओसरणार, हे धरूनच बाग आखायची असते. सिंगापूरने बिशान उद्यानातला २.७ किलोमीटरचा सरळ काँक्रीटचा कालवा फोडून २०१२ पर्यंत तिथे ३.२ किलोमीटरची वळणदार नदी केली. मोठ्या पावसात त्या उद्यानाचा सखल भाग पाण्याखाली जातो आणि तसाच तो आखलेला आहे. त्याउलट साबरमतीच्या भिंतींमधलं देखणं पाणी नर्मदेच्या कालव्यातून येतं. उमरग्याला असं पाणी द्यायला नर्मदा नाही. पुण्यात नदीकाठ प्रकल्पाला नागरिकांनी हरकत घेतली तीही पात्र अरुंद होण्याला आणि जुनी झाडं जाण्याला.

उदाहरण हवंच तर परदेशी कशाला जायचं? हैदराबाद महामार्गावर आपल्याच जिल्ह्यात नळदुर्गचा किल्ला आहे. १६१३ साली दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच पाणी महाल आहे. पावसाळ्यात नर-मादी धबधब्यांतून पाणी वरून कोसळतं आणि महाल आत उभाच राहतो. पुराला वाट ठेवूनही माणसाला नदीजवळ बसता येतं, हे या मातीत चारशे वर्षांपूर्वी करून दाखवलेलं आहे.

झाडांबद्दल थोडक्यात. गुलमोहर, सुबाभूळ आणि कोनोकार्पस यांनी काठ हिरवा दिसतो, पण धरला जात नाही. करंज, जांभूळ, उंबर, अर्जुन वर आणि निर्गुडी, वाळा, लव्हाळा खाली पाण्याशी, ही रचना माती धरते आणि पाखरांनाही पोसते. पहिली तीन वर्षं शेळ्यांपासून राखण झाली तरच.

“लोकसहभाग म्हणजे रविवारचं श्रमदान”

छत्रपती संभाजीनगरची खाम नदी जटवाड्याच्या डोंगरात उगम पावते, पाणचक्कीजवळून शहरातून वाहते आणि पुढे गोदावरीला मिळते. कित्येक वर्षं तिला गावाने गटार मानलं होतं. महापालिका, छावणी परिषद, व्हॅरॉक उद्योगसमूह आणि इकोसत्त्व ही संस्था यांनी मिळून तिच्यावर काम सुरू केलं. लोखंडी पुलाजवळचा कचऱ्याचा काठ आज लोकांच्या फिरण्याची जागा आहे. २०२४ मध्ये शहरांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रॉस सेंटर पुरस्काराच्या अंतिम पाच प्रकल्पांत या कामाची निवड झाली. यातून शिकण्यासारखी गोष्ट सुशोभीकरणाची नाही, क्रमाची आहे. आधी काठच्या वस्त्यांमधून कचरा गोळा होऊ लागला, म्हणून तो नदीत पडायचा थांबला. घंटागाडी गल्लीत रोज आली नाही तर रविवारी उपसलेला कचरा बुधवारपर्यंत परत पात्रात असतो.

श्रमदानात लोकांचे हात वापरले जातात, त्यांची माहिती तशीच राहून जाते. २०२० च्या पावसात कोणत्या घरात किती पाणी चढलं, कोणता आड कधी बुजवला, कोणती नाली रात्री रंग बदलते, हे सफाई कामगाराला, मेंढपाळाला आणि ओढ्यावर मोटार टाकून भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात ते आपोआप येणार नाही. बैठक दुपारी नगरपरिषदेच्या सभागृहात ठेवली तर यातलं कुणी येणारही नाही. संध्याकाळी वस्तीत जाऊनच विचारावं लागेल. बायकांना वेगळं विचारावं लागेल, कारण काठावर दिवा कुठे हवा आणि शौचालय कुठे हवं, हे त्या सांगतात तेव्हाच कळतं.

याच जागी आणखी एक समज दुरुस्त करायला हवा. अतिक्रमण म्हटलं की बोट आधी झोपड्यांकडे जातं. पात्र अरुंद होतं ते बहुतेकदा भराव टाकून पाडलेल्या प्लॉटांनी, संरक्षक भिंतींनी आणि बांधकामाच्या राडारोड्याने. झोपड्यांतल्या लोकांना पर्यायी घर देऊन हलवावं लागतं. भरावाला मोजणी आणि नोटीस लागते. दोन्हींना एकच माप लावणं अन्याय आहे, आणि कारवाई फक्त पहिल्यांवर करणं त्याहून मोठा.

लोकांच्या म्हणण्याला कागदावर वजन येतं ते विकास आराखड्यात. आराखडा प्रसिद्ध झाला की ठराविक मुदतीत हरकती आणि सूचना मागवल्या जातात, त्यांवर सुनावणी होते. ओढ्याचा काठ हिरवा पट्टा म्हणून दाखवला गेला आहे की रहिवासी, हे तिथेच ठरतं. ती मुदत चुकली तर पुढच्या कितीतरी वर्षांसाठी रंग ठरून जातो.

म्हणून यंत्र बोलावण्याआधी नकाशा करायला हवा. त्यासाठी एप्रिल-मे सर्वांत सोयीचे. पात्रात तेव्हा फक्त सांडपाणी असतं आणि प्रत्येक नालीचं तोंड उघडं दिसतं. उतार सुरू होतो तिथून गावाच्या वेशीबाहेरपर्यंत चालत जाऊन ती तोंडं, कचऱ्याचे ढीग, उभी जुनी झाडं, बुजलेले आड आणि भराव टिपायचे. दुसरी फेरी पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणी कुठवर पसरलं त्याच्या खुणा घरांच्या भिंतींवर ताज्या असताना. शाळेतली आठवी-नववीची मुलं शिक्षकांसोबत हे काम करू शकतात. तलाठी कार्यालयातल्या गावनकाशाशी हा नकाशा ताडून पाहिला की ओढ्याची मूळ रुंदी आणि आजची रुंदी यांतला फरक मीटरमध्ये समोर येईल, आणि तो घेऊनच नगरपरिषदेत जायचं.