दख्खनच्या उन्हात लिसिअँथस

हैदराबादच्या गुडीमल्कापूर बाजारात झेंडू, शेवंती किलोवर जाते. हा घाऊक व्यापार पूर्वी जांबागेत चाले. बतुकम्मासाठी तर तंगेडु आणि गुनुगु, म्हणजे आपला तरवड आणि कुरडू, माळावरूनच खुडून आणायचा. अशा शहरात लिसिअँथससारखं दांडीवर मोजलं जाणारं, नाजूक नखऱ्याचं फूल चालेल का? लग्नसराईच्या मांडवांत ते मिरवतं, म्हणजे गिऱ्हाईक आहे. प्रश्न आहे तो पिकवण्याचा.

दुरून पाहिलं तर ते गुलाबच वाटतं. पण त्याचं कुळ जेन्शिएनेसी, म्हणजे काडेचिराईताचं. या घराण्याची खूण कडू चव. कासच्या पठारावरची एक्झॅकम आणि स्वर्टिया याच कुळातली. तेलंगणातल्या माळांवर वाढणारा, पानांच्या बेचक्यांत बारीक पांढरी फुलं धरणारा मामेजवाही त्यांचाच भाऊबंद. त्याला कोणी पाणी घालत नाही की खत. लिसिअँथसचं माहेर मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडची आणि मेक्सिकोची गवताळ मैदानं. टेक्सासात त्याला रानफूल म्हणूनच ओळखतात. निळ्या-जांभळ्या साध्या फुलाचं दुहेरी, पांढरं, गुलाबी, हिरवट रूप घडवलं ते मुख्यतः जपानी पैदासकारांनी, विसाव्या शतकात.

टेक्सासचा उन्हाळा हैदराबादपेक्षा सौम्य नाही, मग अडतं कुठे? बालपणात. बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये वीस हजारांच्या आसपास भरतं. म्हणून मातीचा लेप दिलेल्या गोळ्याच विकत मिळतात. त्या ट्रेमधल्या कोकोपीटवर नुसत्या ठेवायच्या, झाकायच्या नाहीत, कारण रुजायला उजेड लागतो. दहा-पंधरा दिवसांत टाचणीच्या टोकाएवढं रोप दिसतं आणि पुढे ते जणू वाढायचंच विसरतं. चार पानं यायला दोन महिने सहज जातात. याच काळात दिवसाचं तापमान पंचविशीच्या बरंच वर आणि रात्रही उबदार राहिली, की रोप दांडी काढायचं सोडून जमिनीलगत पानांचा गुच्छ करून बसतं. वरून ते अगदी निरोगी, हिरवंगार. शेतकरी खूश, दांडी मात्र महिनोनमहिने येत नाही. एकदा बसलेलं हे रोप खतानं उठत नाही, त्याला थंडीच हवी. जपानी उत्पादक यावर उपाय म्हणून भिजवलेलं बी सुमारे 10 अंशांवर काही आठवडे ठेवतात.

म्हणूनच चेवेळ्ळा, मोईनाबाद, शंकरपल्लीकडच्या पॉलिहाऊसवाल्यांना माझं सांगणं असं, की बियाणं विकत घेऊन घरी रोपं करण्याचा हट्ट धरू नका. तेलंगण राज्य झाल्यावर सरकारनं पॉलिहाऊसला 75 टक्क्यांपर्यंत अनुदान दिलं आणि त्यातून या भागात जरबेऱ्याचे मळे उभे राहिले. पण जरबेऱ्याची सवय इथे कामाची नाही. जरबेरा वर्षानुवर्षं तोडत राहायचा. लिसिअँथसचं एक पीक घ्यायचं, फार तर छाटून दुसरं. पॉलिहाऊस ऊन अडवतं, उकाडा मात्र साठवतं, हेही लक्षात घ्या. थंड हवेच्या रोपवाटिकेतून चार पानांची रोपं आणून पावसाळा सरताना लावली, तर हैदराबादचा कोरडा हिवाळा त्यांना मानवतो. लागवडीपासून तीन-साडेतीन महिन्यांत फूल येतं, ते माघ-फाल्गुनाच्या लग्नांना सापडतं. मार्चनंतरची लागवड हा जुगार.

बाकी निगेत फार गूढ नाही. सामू साडेसहा-सातच्या दरम्यान हवा. आम्लधर्मी माध्यम त्याला सोसत नाही. रोप खोल गाडायचं नाही, नाहीतर बुंध्याशी कुजतं. वाफ्यात पाणी साचलं की फ्युजेरियम मर येते आणि उभी रांग जाते, म्हणून जुन्याच वाफ्यात पुन्हा लावण्याआधी माती निर्जंतुक करणं आलंच. दांड्या सरळ राहाव्यात म्हणून जाळी आडवी ताणतात. पहिली वरची कळी आधी उमलते; ती खुडली तर बाजूच्या कळ्या एकदम येतात आणि दांडी भरगच्च दिसते.

खर्च मोठा आहे, त्यामुळे धंद्याची मदार भावापेक्षा टिकाऊपणावर ठेवावी. कापलेली दांडी स्वच्छ पाण्यात दोन आठवडे सहज टिकते. त्यामुळे दिवसभरात संपवायच्या मोगऱ्याच्या बाजारात ती आणण्यात अर्थ नाही. सजावट करणाऱ्यांशी लागवडीआधीच बोलून घ्यावं, रंग त्यांना विचारून ठरवावेत. पहिल्या वर्षी दोन वाफे पुरे.