शेजारचे विरजण

विरजण म्हणजे चमचाभर दही. त्यात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. तेच दुधाचे दही करतात.

दूध उकळावे. बोटाला सोसेल इतके कोमट होऊ द्यावे. कढत दुधात जंतू मरतात, गार दुधात सुस्तावतात. १ लिटर दुधाला १ चमचा विरजण पुरे. ढवळून झाकावे. ६ ते ८ तासांत दही लागते. आधी उद्याचे विरजण काढावे, मग वाढावे. बुरशी आली तर टाकून द्यावे.

मागे कळंब्यात आमचे विरजण नासले. शेजारी बांधावरून अबोला होता. तरी वाटी घेऊन गेलो. शेजारीण म्हणाली, "न्या की गुरुजी. तुमच्याच घरचं हाय हे." आम्ही पूर्वी दिलेले विरजण तिने जपले होते.

मंडळी, विरजणाला नाही म्हणू नका.